खलिता

महालातून सीताबर्डीला, सीताबर्डीहून महालात,
नाग नदी चौदा वेळा ओलांडली
गणबा निनाव्यानं त्या आठवड्यात.
दर खलित्याच्या शेवटी म्हणे, ‘लोभ असावा’.
शाई मात्र ओलीच, घाईची.

पंधराव्या खेपेला मुनशी म्हणाला, ठेव तिथं.
लाख कुणी फोडलीच नाही.
बाहेर बैल तोफ ओढत होते टेकडीवर,
एकाचा खूर फुटलेला.

अरबांनी बत्ती दिली तेव्हा
गणबा काठावर धोतर पिळत होता,
जबाबाची वाट बघत.

पुढं नर्मदेपर्यंत पेटलं म्हणतात.
बायकोनं एकदाच विचारलं,
काय होतं हो त्या कागदात?
मला कुठं वाचता येतं, तो म्हणाला.
हलका होता पण.