अर्धं आतच राहते

कोरड्या पाटचारीवर गाडी उभी केली,
दोन चाकं या काठावर, दोन त्या.
पाणी सुटायले अजून वीस दिवस.
पंचफुला आत उतरली, ताडपत्री पसरली,
साडीवर माझा जुना शर्ट घालून उताणी झोपली.
मी काठावर. कुबडी मांडीवर, हातात बॅटरी.

आर्वीच्या मिस्त्रीनं हात लावला नाई.
बिनक्लचची गाडी, भाऊ, हे नागपूरचं काम.
नागपूरवाला म्हणे अठरा हजार.
गाडीच घेतली होती नव्वदमध्ये,
चौदा वर्षं जुनी, एका दाताच्या डॉक्टरची;
कारण खांबावरून पडल्यावर मी घरी आलो,
डावा पाय सेवाग्रामलेच राहिला.

"मशीन ते मशीन," पंचफुला म्हणे.
बावीस वर्षं शिलाई मशीन तिनंच खोलली, तिनंच लावली.

मी वरून सांगतो:
एका कोपऱ्याचे बोल्ट ढिले कर, पुरे काढू नको,
चेंबर झुकू दे तिकडून.
झुकलं. तेल आलं.
नवं असते तं अंबाडीच्या सरबतासारखं लाल,
हे काकवीसारखं, जळक्या वासाचं,
गंजात पडत राहिलं.
(पुण्याच्या पाहुण्याले गंज म्हटलं
का लोखंडाचा रोग आठवते.
आमच्याकडे गंजात दूध तापते.)

चेंबरच्या तळाले दोन चुंबक,
त्याइच्यावर केसाळ काळी बुरशी: दळलेलं लोखंड.
तिनं बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं,
तिखट बारीक झालं का पाहावं तसं.
"पीठ आहे. कणी नाई."
पीठ चालते.
कणी निघाली तं समजायचं, आत दात मोडला.

पुसायले कापूस नको, मी ओरडलो,
तंतू आत गेला तं सगळं बसलं.
चारी बाजूनं पऱ्हाटी फुटलेली,
अन् आमच्याजवळ चिंधी नाई!
ती घरी गेली, आली तं हातात खाकी टेरिकॉट,
मंडळाचा, खिशावर माझा नंबर.
मी काही म्हणायच्या आत
तिनं तो शिवणीवर फाडला.
शिवण तिचीच होती.

फिल्टर निघाला, जुनी रबराची कडी आतच चिकटली.
मले दिसली नाई. तिले दिसली.

बोल्ट आवळताना मात्र माझं ऐकलं:
एक इकडचा, मंग समोरचा,
खांबावर क्लॅम्प आवळायचो तसं.
एकाच अंगानं आवळलं
तं दुसरं अंग तोंड उघडते.
"किती जोर लावू?"
"लोणच्याच्या बरणीले लावते तेवढा."

गंजातलं तेल दुधाच्या मापानं मोजलं.
चार लिटर, वर एक पावशेर.
तेवढंच नवं भरायचं.
ती डब्बा वाचत होती. "आठ मावते म्हणते. बाकीचं?"
"बाकीचं वरच्या फिरकीत. ते उतरत नाई."
"मंग नवं त्याच्यातच मिसळते?"
"मिसळते. महिनाभर चालवायची, मंग अजून काढायचं.
तिसऱ्या बारीले जवळजवळ लाल येते."
"जवळजवळ," ती म्हणे,
अन् नरसाळं धरून उभी राहिली,
तेल उतरेपर्यंत काही बोलली नाई.

मंग मी गाडीत बसलो. चालू केली.
उजव्या पायानं ब्रेक, दांडी हळूहळू,
मागं, मधात, पुढं, पुन्हा मागं,
नव्या तेलाले सगळी घरं दाखवत.
दर बारीले जो पाय नाई
तो क्लच दाबते, जो क्लच नाई.
पाच वर्षं झाली. दाबतेच.

समोर पंचफुलानं काडी ओढून पाहिली,
खाकी चिंधीले पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाह्यली.
"बंद नका करू," ती म्हणे,
"अजून अर्धा पावशेर लागते."