साडेसतरा मीटर

हातोडा साडेत्रेसष्ट किलोचा.
पाऊण मीटरवरून सोडायचा, आणि दांडा फूटभर आत जाईपर्यंत
ठोके मोजायचे.
एवढंच माझं काम. बाकी सगळी आकडेमोड.

मर्सेसला, खाजनाच्या कडेला,
गेल्या वर्षी टाकलेल्या तांबड्या भरावावर तिपाई उभी.
पहिला दीड मीटर: मुरूम, विटांचे तुकडे, एक रबरी चप्पल.
ठोके अकरा.
चपलेसाठी नोंदवहीत रकाना नाही,
ती समासात लिहिली.

तीन मीटरवर बसप्पाने दोर सैल केला
आणि हातोडा सोडायच्या आतच
दांडा आपल्याच वजनाने निघाला खाली,
ओळखीच्या पायऱ्या अंधारात उतरावा तसा.
बसप्पा हसला. मी लिहिलं: शून्य.
साडेचार: शून्य.
सहा: शून्य. निळसर करडा चिखल, कुजक्या अंड्याचा वास, कालवांचे शिंपले.
साडेसात: एक,
तोही संशयाचा फायदा देऊन.

मालक झुझे इनासियु फुर्ताद. तारवटी.
एकतीस वर्षं टँकरवर पंपमन.
"बाय, माती कितें म्हणटा?"
काहीच म्हणत नाही, मी म्हटलं.
तोच तर प्रश्न आहे.

मी डिचोलीची. आमच्याकडे जमीन उत्तर देते.
पहार मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या.
चिरा ओला असताना कापायचा, वारा लागला की तो हट्टी होतो.
पण त्याच जांभ्याखाली पांढरी शेडी असते,
पाणी प्यायली की साबण.
आमच्या शेजारच्या कामतांचा गोठा
एका श्रावणात चार हात पुढे चालत गेला, म्हशीसकट.
तेव्हापासून घट्ट जमिनीचाही
मी शब्द घेत नाही.

साडेसतरावर हातोडा उसळला.
पन्नास ठोके, दांडा तिथेच.
बसप्पाने विडी पेटवली. झिजलेला का होईना, खडक.

मग प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसून मी सांगितलं:
खांब घालता येतील, बावीस, तिथपर्यंत.
मात्र वरचा हा भराव बसत जाणार,
आणि बसताना खांबांनाही खाली ओढणार,
बुडणारा वाचवणाऱ्याला मिठी मारतो तसा.
तेवढं ओझं धरून खांब जाड करावे लागतील.
खर्च ऐकून इनासियु बोटांवर मोजू लागले:
नऊ महिन्यांचं एक कॉन्ट्रॅक्ट,
नऊ महिन्यांचं दुसरं.
गुडघ्याचं ऑपरेशन बहुतेक मध्ये आलं,
तिथे बोट थांबलं.

किंवा तराफा.
भराव काढून टाकायचा. घर एकमजली, हलकं.
घराचं वजन जेवढं, जवळपास तेवढी माती आधी उपसायची,
त्या खड्ड्यात एकसंध काँक्रीटची पेटी, तिच्यावर भिंती.
खालच्या मातीला कळतच नाही
की वर कोणी राहायला आलंय.

ते बराच वेळ मानशीच्या दिशेला बघत राहिले.
दारांतून पाणी आत येत होतं.
"म्हणजे तरंगतं?"
जवळजवळ.
"लोडलाइन कितली?"
हा प्रश्न आजवर मला
एकाही आर्किटेक्टने विचारलेला नाही.

"एकतीस वर्षं," ते कोकणीतून मराठीत आले, जरा कडक होत,
"एकच गोष्ट मागत होतो. न हलणारी खाट."
मी गप्प. माझ्याकडे आकडा होता:
सत्तर मिलिमीटर, तीस वर्षांत.
सगळीकडून सारखं खचलं तर खाटेला कळणार नाही.
कललं तर पेला आधी सांगेल.

कललं तर!
त्यांनी माझं पेन घेतलं.
नकाशावर पाण्याची टाकी उजवीकडून मधे आणली.
फिलूच्या आईचं शिसवी कपाट डावीकडे,
त्याच्या तोलाला तांदळाचं पिंप आणि बाथरूम.
"आणि जावंय?"
जावई किती किलो?
"शंभर. पूण तो फकत नाताळाक येता."

अहवालावर सही करताना
त्यांनी तारीख लिहिली, आणि तिच्यापुढे, सवयीने,
भरती ११.४०.
मी ते खोडायला सांगितलं नाही.