त्रेचाळीस नंबर

साक्रीहून सुटलेली बस मला फाट्यावर सोडून गेली.
पुढे बुराईचं कोरडं पात्र, काढून झालेला हरभरा,
काटेरी कुंपणाला अडकलेली लोकर,
आणि मग मठ.
म्हणजे मठाचं जे काही
खात्याच्या निळ्या पाटीनं राखलंय ते.
पाटीवरचा ‘सं’ उन्हानं खाल्लाय,
नुसतं ‘रक्षित’ उरलंय.

दगडांवर आकडे आहेत अजून.
पांढरा रंग, वीतभर उंची,
नऊची शेपटी नको तितकी लांब.
माझीच ती खोड.
सव्वीस वर्षांपूर्वी झिपरू बागुल डबा धरायचा,
मी ब्रश फिरवायचो,
आणि खानापूरकर साहेब सावलीतून ओरडायचे,
“आकडा चुकला तर भिंत चुकेल रे!”
ठरलं असं होतं की
सगळे दगड उतरवायचे, पाया भरून घ्यायचा,
आणि आकड्यांच्या क्रमानं पुन्हा चढवायचे.

उतरवले.
मग फाईल नाशिकला गेली,
नाशिकहून मुंबईला, मुंबईहून कुठे ते विचारू नये.
साहेब निवृत्त झाले, झिपरू वारला,
ब्रश वाळून काडीसारखा झाला.
आठशे वर्षांत जेवढा पडला नव्हता मठ
तेवढा आमच्या एका उन्हाळ्यात पडला.
नीट. नंबरवार.

आज हजेरी घेत चाललोय.
एकोणचाळीस.
चाळीस, कुसळांत.
एक्केचाळीस, त्यावर सरडा, मान हलवतोय,
हजर म्हणाल्यासारखा.
बेचाळीस.
चव्वेचाळीस.

मागे फिरलो. पुन्हा मोजलं.
कोठड्यांचे चौथरे ओलांडले,
एकेक खोली अशी की उताणं निजावं
तर पाय दाराबाहेर.
एका कोनाड्यात बोट घातलं, काजळी लागली.
कुणा शिष्याच्या दिव्याची म्हणावी
तर खाली तीन दगडांची चूल, राख अजून कोमट.

सभामंडपात मेंढ्या बसवल्या होत्या ठगाबाई ठेलारीनं.
खांबांपेक्षा मेंढ्या जास्त शांत.
“काय दखी ऱ्हायनात भाऊ? काही दवडाई गयं का?”
“दगड,” मी म्हणालो. “त्रेचाळीस नंबरचा.”
ती हसली नाही.
चारी बाजूंना नजर फिरवली एकदा,
“आठे त दगडच दगड शेतस,” म्हणाली,
आणि तंबाखू मळत बसली.

निंबाखाली तिची दोन पोरं, उकिडवी.
मध्ये एक दगड.
दगडात खळगे, सात अन् सात,
अंगठ्यांनी घासून घासून आत गुळगुळीत झालेले,
आणि पोरं त्यांत मेंढीच्या लेंड्या पेरत होती,
एक-एक, एक-एक, मग सगळ्या उचलून पुढे.
कडेवर माझा चार.
माझा तीन.

हा उंबऱ्याचा दगड. चांगला आठवतो.
तेव्हा हे अंग जमिनीकडे होतं,
आम्ही पहारीनं उचकटला, तेव्हा कुठे वर आलं असेल.
म्हणजे आधी कुणीतरी पालथा घातला होता.
कुणी? थोरल्या गुरूनं?
पाठांतराच्या वेळी मागच्या रांगेत
चिंचोके वाजले म्हणून?
शिक्षा त्या दोघांना काय झाली असेल,
आणि त्यानंतर रोज सकाळी
त्याच उंबऱ्यावर पाय देऊन आत जाताना
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं असेल का?

पिशवीत जुनी नोंदवही होती, मुद्दाम आणलेली.
त्रेचाळीससमोर शेऱ्याचा रकाना कोरा.
पेन काढलं. टोपण उघडलं.
काय लिहावं, गहाळ की सापडला?

तेवढ्यात धाकट्यानं माझी बाही ओढली,
ओंजळीत लेंड्या ओतल्या, अकरा,
वाळलेल्या, हलक्या,
“तुम्हना डाव शे, बाबा.”

मेंढ्या उठू लागल्या होत्या.
पाचची बस फाट्यावर थांबत नाही, हात करावा लागतो.
मी मांडी घातली
आणि कुठल्या खळग्यापासून सुरुवात करायची
ते त्या पोराला विचारलं.