नाव घालणारा

पाणी ओसरलं तेव्हा दुतोंड्या मारुती
छातीपर्यंत गाळाचा होता.
गंगेवर हेच आमचं माप:
कमरेला लागलं की माल उचलायचा,
छातीला लागलं की माणसं.
या खेपेला माणसं उचलली.
माल राहिला.

भांडी बाजार सगळा सांडव्यापाशी जाऊन अडकला होता.
पोरं टोपल्या आणून ओतायची ओट्यावर,
"काका, बघा ना कोणाचं."

नावं घालायचं मशीन गाळात गेलं. डोळे होते.
अंगठ्याने चिखल पुसायचा, वाचायचं.
"कौतिकबाई दगू शिरसाठ", शेवटचा ठ हललेला,
म्हणजे मीच, त्या दिवशी लाईट येत-जात होती.
कौतिकबाई आली, हंडा उलटा करून
आधी बूड वाजवून पाहिलं, मग रडली.
"ताट क्र. ३१२", कुठल्याशा मंगल कार्यालयाचं.
बाकीची तीनशे अकरा
सायखेड्यापर्यंत पोचली असतील.

चौथ्या दिवशी एक तपेलं आलं.
ठिपक्या-ठिपक्यांचं नाव, छिन्नीने ठोकलेलं.
वडिलांचा हात.
"चि. सुमती"
आणि पुढे चार बोटं कोरं पितळ.
लग्न ठरायच्या आधीच भांडं घेतलं, तर
ते अशी जागा सोडायचे.

कोणी आलं नाही न्यायला.
आता त्यात चहा उकळतो,
गाळ काढणाऱ्या पोरांसाठी, दिवसातून तीनदा.
घासता घासता इरफान विचारतो,
"चाचा, इथे काय घालायचं राहिलं?"
राहू दे म्हटलं.
जागा आहे ती.