हद्दीच्या अलीकडे

केंटकीतली आमची काउंटी कोरडी.
हद्दीची पाटी, तिथून चाळीस पावलांवर
रॉस्कोचं दुकान, रात्रभर लाल दिवा.
कायदा पाटीपाशीच थांबतो.
मी त्याला हात दाखवून पुढे जायचो.

नगरच्या शब्बाथशाळेत पाठ केलेला शब्द, इंद्रियदमन,
ओठावर यायचा खरा, पण बाटलीच्या बुचासारखा,
जरा फिरवला की निघायचा.

काल डेल्बर्ट शेजारी येऊन बसला.
ना किल्ल्या मागितल्या, ना वचन वाचलं.
हीटर लावत म्हणाला,
"मीही अकरा वर्षं इथूनच जायचो."

प्रार्थना अशी काही झाली नाही.
त्याचा थर्मास, एकच झाकण,
आळीपाळीने कोमट कॉफी.

उजाडलं. रॉस्कोने दिवा मालवला.
रात्री लावेलच.