कोरा कागद

मोतीबागेपासून मामा चौकापर्यंत.
तीन किलोमीटर, पोरं म्हणाली.
टी-शर्ट सगळे एकाच मापाचे,
माझा साडीवरून, गुडघ्याला टेकलेला.

छातीवर एक कागद पिनेनं लावायचा:
"मी चालते आहे ............ साठी."
कुणी आई लिहिली, कुणी आत्या.
नर्सिंगच्या एकीनं लिहिलं, हजेरीसाठी.
तिचंच खरं वाटलं मला.

मी पेन धरून उभीच.
शेजारी हे, अर्ध्या जबड्याचे.
रोलिंग मिलमधली तेवीस वर्षं
आणि दिवसाला अकरा पुड्या.
माणूस बाजूनं चालत असताना
त्याच्यासाठी चालायचं, म्हणजे कसं?

गांधी चमनपाशी रुस्तुमची टपरी.
पुड्यांच्या माळा आज आत ओढलेल्या,
पुढं स्टुलावर पाण्याची पाकिटं, फुकट.
त्यानं यांना लगेच ओळखलं,
ओळखलं असं दाखवलं मात्र उशिरा.
"काका," म्हणाला, पाकीट पुढं केलं.
तोच हात,
तीच दोन बोटं.

यांनी घेतलं.
कोपरा दातानं तोडायची जुनी सवय,
त्या बाजूला दातच नाहीत.
मग रुस्तुमनंच फोडून दिलं.
निम्मं पाणी टी-शर्टावरच्या अक्षरांवर सांडलं,
निम्मं गेलं पोटात.
पैसे द्यायला यांचा हात खिशाकडं गेला
आणि तिथंच राहिला.

मागून कुणीतरी ओरडलं,
"कामून थांबलाव? चला की!"

चौकात बँड, डॉक्टर, केळी, फोटो.
माझा कागद कोराच.
घरी आल्यावर पीन काढली,
यांच्या शर्टाला लावली,
बटण तुटलं होतं तिथं.