धक्का

शारजाच्या खाडीवर, लाकडी लाँचींच्या समोर,
महालदार ट्रेडिंग. शॅकल, बोल्ट, नायलॉनचा दोर.
गनीसेठ दोर वावांनी मोजायचे,
दोन्ही हात पसरून, छातीवरून,
आणि शेवटी वीतभर जास्तच सोडायचे.
समुद्र मोजून मागत नाही, म्हणायचे.

मी त्यांचा हिशेबनीस, सत्त्याऐंशीपासून.
गावाकडे त्यांना दुबईवाले म्हणत.
दुबईत ते एक रात्रही झोपलेले नाहीत,
पण चालून गेलेलं नाव कोण दुरुस्त करतो?
पोस्टरवरही तेच छापलं.

निवडून आले त्या दिवशी मी दुकानात बर्फी वाटली.
वखारीवरच्या पठाणानं विचारलं,
आमदार म्हणजे अरबाबपेक्षा मोठा?
हो, म्हटलं. पण पाच वर्षांसाठी.
त्यानं दुसरा तुकडा उचलला.

दहा वर्षं.
रात्री फोन यायचा : या महिन्याला किती सुटले?
मी आकडा सांगायचो, ते निम्मा तिकडे वळवायचे.
बाकं, बोअरवेल, कुणाच्या मुलीचं बाळंतपण,
आणि बरीचशी अशी नावं
जी मी खात्यात नुसती 'इतर' म्हणून लिहिली.

त्यांना हवा होता एक धक्का.
खारवटणच्या बंदराला, होड्या लागण्यापुरता.
बायका कमरेइतक्या पाण्यातून टोपल्या आणतात,
एवढंच त्यांना सभागृहाला सांगायचं होतं.
तारांकित प्रश्न, सात वेळा.
उत्तर : कार्यवाही सुरू आहे.
आठव्यांदा उठून म्हणाले, अध्यक्ष महोदय,
माझ्या दुकानात बोल्ट मागा, दोन मिनिटांत देतो.
मी इथे दहा वर्षं धक्का मागतोय.
मागच्या बाकावरून कुणीतरी :
थांबा, निवडणुकीत मिळेल!

कामकाजाच्या छापील वृत्तांतात
त्या ओळीपुढे कंसात एकच शब्द आहे :
(हशा)

मिळाला. सहाशे बारा मतांनी.

आता दुकान नुमान बघतो. बारकोड लावलेत,
दोर मीटरवर, मशीन कापतं, वीतभरही सुटत नाही.
सेठ ऑगस्टच्या उकाड्यात आले,
खिशाला अजून पेन, दाढी पार पांढरी.
गल्ल्याखालचा खण उघडून
वृत्तांताचं ते पान ठेवलं, जुन्या पावत्यांखाली,
आणि मला म्हणाले, चल जरा.

खाडीच्या काठाला काँक्रीट. चपलेतून चटका लागत होता.
ते पावलं मोजत निघाले, मी मागे.
बोसासोच्या लाँचीवर कुणी फ्रिज चढवत होतं,
तांदळाची पोती, टायर, एक बकरी.
एकशे चाळिसाव्या पावलाला थांबले.
टाचेनं जमीन ठोकून पाहिली,
जशी आपण घ्यायच्या आधी सुरई ठोकतो.

आपल्याला चाळीस पुरली असती, म्हणाले.
खात्यात लिही. उधार, चाळीस पावलं.
मी विचारलं, नाव कुणाचं घालू, सरकारचं?
खूप वेळ बोलले नाहीत.
मग, माझं घाल. मतं मी घेतली होती.

तेवढ्यात लाँचीवरचा पोरगा ओरडला :
अरबाब, दोर पाहिजे, वीस वाव!
नुमान आत मशीन चालू करत होता.
सेठ त्याच्याआधी पोचले,
आणि हात पसरले.